लातुरात हॉट टब : खरेदीपूर्व जागा-पाहणी सेवेचे परीक्षण

लातूरच्या माणसाने स्वतःच्या अंगणात बाराशे लिटर गरम पाण्याचा टब बसवून घेतला, हे वाक्य लिहितानाच अवघडल्यासारखे होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आले ते याच शहरात. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत भांड्यांचा आवाज पहाटे चारला सुरू होत असे. असे असताना हा टब कशासाठी, याचे उत्तर आधी देणे बरे. माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. कोमट पाण्यात उभे राहून किंवा बसून व्यायाम केल्यास सांध्यांवरचा भार कमी होतो, असे फिजिओथेरपिस्टने सांगितले आणि दोन महिने तो प्रयोग पुण्यात मुलीकडे राहून केल्यावर फरक दिसला. लातुरात आमच्या सोयीचे असे ठिकाण मिळाले नाही. नातेवाइकांनी किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरचे गरम झरे सुचवले. तिथे जाऊन आलो, दर्शन झाले, स्नानही झाले. परंतु रोजच्या व्यायामासाठी लातूरहून नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला कोणी जाऊ शकत नाही.

या लेखात टबाचे परीक्षण थोडे आणि टब घेण्यापूर्वी विक्रेत्याने सशुल्क दिलेल्या ‘जागा-पाहणी व नियोजन’ सेवेचे परीक्षण जास्त आहे. विक्रेता पुण्याचा आहे. पाहणीचे शुल्क सहा हजार रुपये होते आणि टब त्यांच्याकडूनच घेतल्यास ते किमतीतून वजा होणार होते. त्या बदल्यात त्यांचा माणूस घरी येऊन मोजमाप करणार, टब कुठे बसवावा याचा आराखडा देणार, विजेच्या आणि पाण्याच्या जोडणीचा नकाशा देणार आणि शेवटी अंदाजपत्रक देणार, असे ठरले. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या गोष्टींवरून आमचा वाद झाला त्या बऱ्याच अंशी मिटल्या आहेत. शिवाय जे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत, ते दुसरा विक्रेता न सांगता विचारील अशी माझी खात्री नाही.

पाहणीसाठी आलेला तरुण ठरल्या वेळेला आला, ही पहिली चांगली गोष्ट. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे त्याने सोबत टबाच्या आकाराचे, दोन मीटर बाय दोन मीटरचे, निळे प्लास्टिक आणले होते. ते त्याने आधी गच्चीवर आणि नंतर मागच्या अंगणात अंथरले. कागदावरच्या मापांनी जे कळत नाही ते त्या प्लास्टिकने पाच मिनिटांत कळले. अंगणात ते अंथरल्यावर धुण्याच्या दगडाकडे जायला वाटच उरत नाही, हे पत्नीच्या लगेच लक्षात आले आणि जागा अडीच फूट सरकली. कोणत्याही मोठ्या वस्तूच्या खरेदीआधी हा उपाय करावा. त्यासाठी पुण्याहून माणूस बोलवण्याचीही गरज नाही, जुनी चादर पुरते.

त्यानंतर मात्र तो तरुण गच्चीच्या प्रेमात पडला. गच्चीवरून दिसणारे आकाश, सायंकाळचा वारा, पूर्ण एकान्त, असे वर्णन त्याने केले आणि माझ्या मुलालाही ते पटले. मी स्लॅबबद्दल विचारले तेव्हा उत्तर आले, “सर, आरसीसी आहे ना, मग काही होत नाही.” वास्तविक या एका प्रश्नासाठी कोणीही सहा हजार रुपये आनंदाने द्यावेत, आणि नेमक्या याच प्रश्नाला सेवेत उत्तर नव्हते. मी ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर वहीच्या पाठकोऱ्या पानावर जो हिशेब मांडला, तो इथे देतो. रिकामा टब सुमारे ३०० किलो, आत १२०० लिटर म्हणजे १२०० किलो पाणी, चार माणसे धरली तर आणखी ३०० किलो. एकूण १८०० किलो. हे वजन चार चौरस मीटरवर पडते, म्हणजे दर चौरस मीटरला ४५० किलो. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, जो चल भार (माणसे, सामान यांसारखे बदलते वजन) धरायला सांगितला आहे तो दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो आहे. आमची गच्ची नियमाप्रमाणे बांधली असे मानले तरी टबाचा भार त्या मर्यादेच्या तिप्पट होतो, आणि तोही दिवाळीच्या पाहुण्यांसारखा दोन दिवस येऊन जाणारा नसून बारा महिने तिथेच बसून राहणारा.

इंजिनिअरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती या जिल्ह्यात कोणाला दोनदा सांगावी लागत नाही. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनावर अवलंबून असतो आणि वजन जितके उंचावर तितका त्याचा ताण खालच्या खांबांवर अधिक येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले हे माझ्या पिढीने ढिगाऱ्यांच्या कडेला उभे राहून पाहिले आहे. दगड-मातीची ती जड धाब्याची घरे आणि आजचे आरसीसी घर यांची तुलना करणे बरोबर नाही, हे मला मान्य आहे. तरीही डोक्यावर पावणेदोन टन घेऊन झोपण्याची माझी तयारी नव्हती. गच्ची रद्द झाली. विक्रेत्याच्या बाजूने एवढे म्हणेन, की इंजिनिअरांचे पत्र पाठवताच त्यांनी कोणताही वाद न घालता अंगणाचा नवा आराखडा त्याच शुल्कात करून दिला.

अंगणातले प्रश्न वेगळे निघाले. आमच्याकडे वरची साडेतीन-चार फूट काळी माती आहे आणि खाली मुरूम लागतो. दर चौरस मीटरला ४५० किलो हा भार जमिनीच्या दृष्टीने फार नाही. अडचण वजनाची नसून मातीच्या स्वभावाची आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टबाच्या एका कडेला रोज पाणी सांडत राहिले तर तेवढीच बाजू फुगते, चौथरा तिरका होतो आणि टबाचे फायबरचे कवच पिळवटले जाते. विक्रेत्याच्या आराखड्यात ‘समतल, भक्कम पृष्ठभाग, जाडी चार इंच’ एवढीच ओळ होती. पुण्याच्या एखाद्या फरसबंद आवारात ती पुरत असेल, काळ्या रानावर वसलेल्या गावात ती अपुरी आहे. आम्ही मुरूम लागेपर्यंत काळी माती काढली, खड्ड्यात थराथराने मुरूम भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केली, त्यावर सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (बिनसळईचे काँक्रीट) करून सहा इंचांचा आरसीसी चौथरा घातला. सळईची जाळी दहा मिलिमीटरची होती. चौथरा टबापेक्षा चारही बाजूंनी एक फूट मोठा घेतला आणि जमिनीपासून सहा इंच वर ठेवला, म्हणजे पावसाचे पाणी खाली शिरत नाही. बाजूच्या मातीत पाणी मुरू नये म्हणून भोवती फरशीची गटार काढली.

इथे आमच्या मिस्त्रींची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ते चाळीस वर्षे घरे बांधत आहेत आणि पाण्याशी संबंध असलेल्या कोणत्याही जागेला ढाळ द्यायचा हे त्यांच्या हाताला इतके सवयीचे झाले आहे, की मी दोनदा सांगूनही त्यांनी चौथऱ्याला नाहणीसारखा ढाळ दिला. “मालक, ढाळ न देता पाणी जाईल कुठं?” हा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचाही नव्हता. पण टबाखालचा चौथरा नळीने पाहिला तर पाण्याच्या पातळीइतका सपाट हवा. तो एका बाजूला अर्धा इंच जरी झुकला तरी आतले पाणी त्या बाजूला जास्त चढते, दुसऱ्या बाजूच्या स्किमरमध्ये, म्हणजे वरचे पाणी ओढून गाळणीकडे नेणाऱ्या तोंडात, हवा ओढली जाते आणि कवचावर कायमचा असमान ताण येतो. शेवटी चौथरा सपाट आणि भोवतीच्या फरशीला ढाळ, अशी तडजोड झाली; वरचा थर पुन्हा घालावा लागला. विक्रेत्याच्या नकाशावर हे एका ओळीत, मराठीत आणि ठळक लिहिलेले असते तर तो खर्च वाचला असता. नकाशा इंग्रजीत होता आणि आमचे मिस्त्री तो पाहून नम्रपणे मान डोलावत होते.

विजेच्या बाबतीत या सेवेला मी पूर्ण गुण देतो. त्यांच्या विद्युत नकाशात टबासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तांब्याची सहा चौरस मिलिमीटरची वायर आणि वेगळे अर्थिंग, असे सर्व काही स्वच्छ दाखवलेले होते. टब बंद करण्याचा मुख्य स्विच टबातून दिसेल, पण टबात बसलेल्या माणसाचा हात पोहोचणार नाही, अशा अंतरावर म्हणजे दोन मीटरपेक्षा पलीकडे ठेवला होता. ३० मिलिअँपिअर हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण घरातल्या साध्या एमसीबीला माणसाला बसणारा शॉक ओळखता येत नाही. तो फक्त जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. आरसीसीबी मात्र गेलेली आणि परत आलेली वीज यांतला बारीक फरक पाहून तत्काळ पुरवठा तोडतो. ओल्या अंगाच्या माणसासाठी हे उपकरण ऐच्छिक नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने “घरात एक आहे की” असे म्हणून ते वगळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पुण्याच्या त्याच तरुणाने फोनवरून त्याला अर्धा तास समजावले, हे नोंदवले पाहिजे. तीन किलोवॅटचा हीटर आणि दोन पंप एकत्र चालले तर भार सहा किलोवॅटच्या आसपास जातो. त्यामुळे महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागला. त्या कामाला लागणारा वेळ आधी धरावा. आमचा चौथरा तयार होऊन पडला होता आणि आम्ही भार वाढण्याची वाट पाहत होतो.

विजेच्या खर्चाबद्दल मात्र जे तोंडी सांगितले गेले ते पटण्यासारखे नव्हते. “दोन तासांत पाणी तयार” असे त्या तरुणाने सांगितले होते. शाळेतले गणित आहे: एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला १.१६ वॉट-तास लागतात. डिसेंबरात वीस अंशांचे १२०० लिटर पाणी ३८ अंशांपर्यंत न्यायचे तर सुमारे २५ युनिट लागणार आणि तीन किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी आठ तासांहून अधिक वेळ लागणार. आमचा प्रत्यक्ष अनुभव दहा तासांचा आहे. एकदा तापल्यावर ते पाणी तसे ठेवणे स्वस्त पडते, पण एका अटीवर: झाकण कायम घातलेले हवे. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की ते आपल्यासोबत सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. म्हणजे उघडा टब पाणी आणि वीज या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने उडवतो, आणि मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळी हवेत ही वाट फार रुंद असते. अंदाजपत्रकात जाड, कुलूप लागणारे झाकण ‘ऐच्छिक’ या सदरात अठरा हजार रुपयांना दाखवले होते. ज्या घरात नातवंडे येतात आणि जिथे पाणी मोजून वापरतात, तिथे झाकणाला ऐच्छिक म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

आता पाणी. या सेवेवरची माझी खरी तक्रार इथे आहे आणि म्हणून इथे थोडे थांबतो. पाहणीच्या छापील अर्जात ‘पाण्याचा स्रोत’ या ओळीपुढे ‘उपलब्ध’ असा शब्द लिहून तो तरुण पुढे गेला. कोणते पाणी, किती जड, किती दिवसांनी येणारे, यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. आमच्याकडे मनपाचे नळाचे पाणी मोजक्या दिवशी येते, ते पिण्या-स्वयंपाकाला जाते. बाकी सर्व बोअरवर चालते. बोअरच्या पाण्याने बादलीला आणि गीझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मी पाण्याचा नमुना तपासायला दिला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते आणि टबापेक्षा कितीतरी कमी खर्चाची ही पायरी आधी करावी. अहवालात एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला ६४० मिलिग्रॅम आले, त्यांपैकी कॅल्शियमचे ४८०. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा ६०० आहे. टबाच्या पाण्यात कॅल्शियमचे काठिण्य साधारण १५० ते २५० असावे लागते. त्याहून कमी झाले तर पाणी धातूचे भाग खाते आणि जास्त झाले तर क्षार बसतात. मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेटचे उलट आहे. पाणी तापले की ते बाहेर पडते, आणि सर्वांत आधी जिथे पाणी सर्वाधिक तापते त्या हीटरच्या कॉइलवरच बसते.

हा अहवाल हातात घेऊन मी वॉरंटीचा मजकूर पुन्हा वाचला. अकराव्या कलमात, बारीक अक्षरांत, लिहिले होते की कॅल्शियमचे काठिण्य २५० पेक्षा अधिक असलेले पाणी वापरल्याने हीटर, पंप किंवा जेट (पाण्याचा झोत सोडणारी तोंडे) बिघडल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. जी गोष्ट वॉरंटी रद्द करू शकते ती पाहणीत तपासायची नाही, हा कोणता न्याय? शंभर-दोनशे रुपयांच्या चाचणीपट्ट्या त्या निळ्या प्लास्टिकसोबत पिशवीत सहज मावल्या असत्या. मी हे लेखी कळवले तेव्हा उत्तर म्हणून त्यांनी पाणी मृदू करणाऱ्या सॉफ्टनरचे अंदाजपत्रक पाठवले, जे तेही विकतात.

सॉफ्टनर मी घेतला नाही आणि त्याचे कारण वाचकांनी आपल्या जागेप्रमाणे तपासावे. सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडिअम सोडतो. टबाचे पाणी दर तीन-चार महिन्यांनी बदलावे लागते, आणि लातुरात बाराशे लिटर पाणी गटारात सोडणे माझ्या मनाला पटणारे नव्हते. ते झाडांनाच जायला हवे होते. काळ्या मातीत सोडिअम साचला की ती चिकट आणि घट्ट होते, तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. चोपण झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून उपाय दुसरीकडे शोधावा लागला आणि तो डोक्यावरच सापडला. पावसाच्या पाण्यात काठिण्य जवळजवळ नसते. आमची गच्ची सुमारे १०० चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडते, म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत हजार लिटर. दोन भाग पावसाचे पाणी आणि एक भाग बोअरचे पाणी मिसळले की ४८० चे १६० होते, अगदी हव्या त्या पट्ट्यात. म्हणून ८०० लिटर पाऊस आणि ४०० लिटर बोअर असे आमच्या टबाचे प्रमाण ठरले. गच्चीच्या नळाला पहिल्या सरीचे घाण पाणी बाजूला सोडणारी तोटी आणि साधी गाळणी लावली, खाली दोन हजार लिटरची काळी बंद टाकी ठेवली. हिवाळ्यात टब दोनदा भरायला तेवढी पुरते. मनपाच्या पाण्याचा एक थेंबही त्यात जात नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोजचे प्रमाण १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने टबाची एक भरती म्हणजे नऊ माणसांचे एका दिवसाचे पाणी. हा आकडा मी टाकीवरच खडूने लिहून ठेवला आहे.

पाणी स्वच्छ ठेवण्याबद्दल सेवेच्या कागदांत पुरेशी माहिती होती, तरी ती ‘आठवड्यातून पाच मिनिटांचे काम’ अशा सुरात होती, आणि तो सूर फसवा आहे. कोमट पाणी आणि हवेचे बुडबुडे ही जंतूंना आवडणारी परिस्थिती आहे. लिजिओनेला हा जिवाणू अशा पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतो. दुसऱ्या काही जंतूंमुळे अंगावर पुरळ उठते. त्यासाठी मुक्त क्लोरिन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. टब वापरला जाणार असेल त्या प्रत्येक दिवशी पट्टी बुडवून पाहावी लागते. टबात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करावी लागते आणि अंगाला तेल लावून उतरायचे नाही, हा नियम आमच्याकडे दिवाळीत पाहुण्यांना सांगताना जरा जड गेला. पाणी काढण्याआधी क्लोरिन घालणे थांबवून झाकण दोन-तीन दिवस उघडे ठेवले आणि पट्टीवर शून्य आले, की ते पाणी लिंबाला आणि शेवग्याला जाते. पाण्याचे तापमान ४० अंशांच्या वर कधी नेऊ नये. व्यायामासाठी आम्ही ३५ ते ३६ ठेवतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाहणीच्या अर्जात घरातल्यांच्या प्रकृतीबद्दल एक प्रश्न होता, तो चांगला होता.

टब घरात कसा येणार याची पाहणी हा सेवेचाच भाग होता आणि तिथे झालेली चूक सर्वांत महाग पडली. टब एकसंध असतो, तो एका कडेवर उभा करून नेला तर त्याची जाडी सुमारे ८५ सेंटिमीटर भरते. घराच्या बाजूची बोळ तरुणाने फीत लावून मोजली आणि ‘१०० सेंटिमीटर, पुरेशी’ असे लिहिले. बोळीत भिंतीतून सात इंच पुढे आलेली मीटरची पेटी त्याने वजा केली नाही. टब ट्रकमधून उतरला, आठ हमालांनी तो बोळीच्या तोंडाशी आणला आणि तिथेच थांबला. मग हायड्रा क्रेन बोलवावी लागली. कंपाउंडच्या भिंतीवरून टब आत घ्यायचा तर वर विजेच्या तारा होत्या, त्यामुळे पुरवठा बंद करून घेईपर्यंत दुपारचे तीन वाजले. या काळात गल्लीतली निम्मी माणसे सल्ला देण्यासाठी हजर होती, आणि ईशान्येला गरम पाणी चालते का, यावर दोन वयोवृद्ध काकांचा स्वतंत्र वाद झाला. हायड्राचे भाडे विक्रेत्याने प्रथम नाकारले. तीन पत्रांनंतर निम्मे परत दिले.

दुसरी चूक पत्नीने नकाशावरच पकडली. पंप आणि हीटर ज्या दाराआड असतात ती बाजू नकाशात कंपाउंडच्या भिंतीला लावलेली होती. “दुरुस्तीला माणूस आला तर तो बसणार कुठं?” असे तिने विचारले आणि टब नव्वद अंशांत फिरवला गेला. त्या बाजूला किमान अडीच फूट मोकळे सोडावे.

उन्हाळ्याबद्दल मात्र कोणीच काही सांगितले नाही. मे महिन्यात लातूरचा पारा चाळिशीपार असतो आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात घालवत नाही इतके तापते. टबाचे कवच आणि झाकण उष्णता आत धरून ठेवण्यासाठीच बनवलेले असतात आणि फिरत्या पंपाची उष्णताही पाण्यातच उतरते; परिणामी हीटर पूर्ण बंद असतानाही मार्चच्या अखेरीस आमचे पाणी ३९ अंशांवर जाऊन बसले. थंड करणारे यंत्र वेगळे मिळते, ते घेण्याची आमची इच्छा नाही. म्हणजे या भागात टब प्रत्यक्षात नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने उपयोगाचा आहे. सव्वाचार लाखांची वस्तू वर्षातले सात महिने झाकून ठेवायची आहे, हे विक्रेत्याने पाहणीतच सांगायला हवे होते. पत्नीच्या गुडघ्यांना त्या पाच महिन्यांत जो आराम मिळाला त्यावरून मला ही खरेदी चुकीची वाटत नाही, पण हौसेखातर घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

या पाहणी सेवेला मी पाचपैकी अडीच गुण देईन. विजेचे नियोजन आणि आराखडा बदलून देण्याची तयारी यांमुळे ते मिळाले आहेत. पाणी, माती आणि बोळ यांमुळे गेले आहेत. टबाला वेगळे गुण द्यायचे तर चार. जेटचा आवाज अपेक्षेपेक्षा जास्त आहे आणि पायरी निसरडी आहे, तिच्यावर आम्ही खरखरीत पट्टी चिकटवली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टब रिकामा केला, हीटर उघडून पाहिला. कॉइलवर नखाने निघेल एवढाच थर होता. सध्या पावसाच्या टाकीत पाणी नाही, ती आतून धुऊन उन्हात वाळवून ठेवली आहे आणि गच्चीच्या नळाची गाळणी बदलली आहे. वार्षिक देखभालीसाठी विक्रेत्याचा माणूस दसऱ्यानंतर येणार आहे. येताना काठिण्य मोजण्याच्या पट्ट्या घेऊन यावे, असे मी लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.